गाडीत मायक्रोवेव्ह चालवायचाय? इन्व्हर्टरच्या दुकानात सगळ्यात शेवटी जा

निपाणीच्या एका दादांनी विचारलंय त्याचं उत्तर देतोय, जरा लांबणार आहे, चहा घेऊन बसा. प्रश्न थोडक्यात असा: जुनी १२ व्होल्टची टेम्पो ट्रॅव्हलर घेतली, मागच्या सीटा काढून दोन बेड, ओटा आणि छोटा फ्रिज बसवला. घरचे सहाजण त्यातनं सौंदत्तीला जातात, पंढरपूरला जातात, कधी चोर्ला घाटातनं गोव्याला उतरतात. आईला गार जेवण चालत नाही आणि ती गाडीत एकटी असताना शेगडी पेटवायला नको म्हणून घरातला २० लिटरचा साधा मायक्रोवेव्ह गाडीत ठेवला आणि घरातलाच ९०० व्हीएचा इन्व्हर्टर नि १५० एएचची (अँपिअर-तासांची) ट्यूब्युलर बॅटरी त्याला जोडली. आता चालू केलं की आतली लाईट लागते, ताट फिरतं आणि दोन-तीन सेकंदात इन्व्हर्टर शिट्टी मारून बंद पडतंय. 'लो'वर लावून बघितलं तरी तेच. दुकानदार म्हणतोय मायक्रोवेव्ह ८०० वॉटचा आहे, १००० वॉटचा इन्व्हर्टर घ्या, काम होऊन जाईल. घेऊ का?

नका घेऊ. दुकानदार खोटं बोलत नाही, त्यानं चुकीचा आकडा वाचलाय एवढंच.

मी बेळगावात उद्यमबागेकडे वाइंडिंग आणि इन्व्हर्टर दुरुस्तीचं काम करतोय, वीस वर्षांच्या वर झाली. अर्धी गिऱ्हाईकं 'करंट गेला हो' म्हणत येतात, अर्धी कानडीत 'करंट इल्लरी' म्हणत, दुखणं दोघांचं एकच. घरातले इन्व्हर्टर करता करता गाड्यांचं काम कधी सुरू झालं कळलंच नाही, पहिल्यांदा एक फिरतं कँटीन आलं, मग ह्या घरासारख्या केलेल्या गाड्या यायला लागल्या. त्यात एक गोष्ट अशी शिकलो की मायक्रोवेव्ह चालत नाही म्हणून येणाऱ्या दहा गाड्यांत इन्व्हर्टर लहान असलेल्या असतात दोन-तीन, बाकीच्यांत इन्व्हर्टर बरा असतोय पण त्याच्या पाठीमागची वायर, लग (वायरीच्या टोकाची धातूची कडी) आणि बॅटरी रडत असते. म्हणून मी उलटं सांगतो, मायक्रोवेव्हपासनं सुरू करा आणि मागं मागं बॅटरीपर्यंत जा, इन्व्हर्टरचं मॉडेल वाटेत आपोआप ठरतंय.

आधी तो ८०० चा घोळ. खोक्यावर जे ८०० वॉट छापलेलं असतंय ते आतल्या पदार्थाला मिळणारी ताकद. ती तयार करायला मायक्रोवेव्ह भिंतीतनं ओढतो त्यापेक्षा बरंच जास्त, कारण आतला मॅग्नेट्रॉन, म्हणजे गरम करणाऱ्या लहरी सोडणारी नळी, दोन-तृतीयांशाच्या आसपासच काम देतो, बाकीचं गरम हवा होऊन पाठीमागनं बाहेर पडतंय, हात लावून बघा की. मायक्रोवेव्ह फिरवून मागची प्लेट वाचा, तिथं 'इनपुट' म्हणून वेगळा आकडा असतोय. २० लिटरच्या साध्या मायक्रोवेव्हला तो साधारण १०५० ते १२०० वॉट असतो. ग्रिल आणि कन्व्हेक्शनवाला असला तर प्लेटवर दोन-तीन आकडे असतात आणि कन्व्हेक्शनचा आकडा २००० च्या पुढंही जातोय, तसला गाडीत आणायचा विचारच सोडा. तुमचा साधा आहे म्हणालाय, आपण १२०० धरू. आता तुमच्या ९०० व्हीएच्या इन्व्हर्टरचं बघा, व्हीए म्हणजे वॉट नव्हे, त्यातनं खरे वॉट मिळतात सातशे-साडेसातशे. १२०० मागणाऱ्याला ७५० वाला कुठनं देणार. तो शिट्टी मारून बंद पडतोय हे त्याचं शहाणपण आहे, बिघाड नव्हे.

आणि ते दोन-तीन सेकंद चालून मग बंद पडण्याचं कारण सांगतो, कारण बरेच जण म्हणतात 'चालू तर होतोय की, म्हणजे ताकद आहे'. मी एकदा एका गिऱ्हाइकाला दाखवायला बॅटरीच्या लाल वायरवर क्लॅम्प मीटर अडकवला आणि त्याला म्हटलं तूच बटण दाब. लाईट, पंखा, ताट चालू, मीटरवर आठ-दहा अँपिअर. टक करून रिले बसला, आकडा वर चढला पण पूर्ण नाही. मग मॅग्नेट्रॉनचं फिलामेंट तापलं, म्हणजे आपल्या जुन्या रेडिओच्या व्हॉल्व्हसारखंच ते, तापायला दोन-तीन सेकंद घेतंय, आणि तापलं की मीटरचा काटा नाही, आकडाच एकदम उडी मारून ११४, ११६. मायक्रोवेव्हचा आवाज पण तिथंच बदलतो, 'घूं'चा 'घुर्रर्र' होतोय. तुमचा इन्व्हर्टर नेमका त्या 'घुर्रर्र'ला मान टाकतोय.

'लो'वर लावून फरक का पडला नाही हे पण ह्याच्यातच आलं. साध्या ट्रान्सफॉर्मरच्या मायक्रोवेव्हमध्ये लो म्हणजे कमी ताकद नव्हे. तो पूर्ण ताकदीनं चालतो, मग बंद होतो, परत पूर्ण ताकदीनं चालतो, म्हणजे डीफ्रॉस्टला लावलं तरी चालू असताना १२०० च मागतोय. खरंच ताकद कमी करणारे मायक्रोवेव्ह वेगळे, पॅनासोनिक आणि एलजीच्या काही मॉडेलवर 'इन्व्हर्टर' असं लिहिलेलं असतं, ते आतल्या आत इलेक्ट्रॉनिक्सनं ताकद खरोखर कमी करतात, सुरुवातीचा झटकाही सौम्य असतोय. नवीन घ्यायचा असेल तर गाडीला तो बरा. नाव सारखं असलं तरी त्या इन्व्हर्टरचा आणि आपल्या बॅटरीवाल्या इन्व्हर्टरचा काही संबंध नाही हं, एकजण तसला मायक्रोवेव्ह घेऊन आला आणि म्हणाला ह्याच्यात इन्व्हर्टर आहेच, डायरेक्ट बॅटरीला जोडून द्या!

आता वेव्हचं, म्हणजे इन्व्हर्टरमधनं निघणारा करंट कसा वर-खाली होतोय त्याचं. भिंतीतल्या करंटसारखी गोलसर, म्हणजे प्युअर साइन वेव्हच घ्या, ह्यात काटकसर करू नका. ट्यूबलाईट, मोबाईल चार्जर चौकोनी वेव्हवर चालून जातात, मायक्रोवेव्हचं तसं नसतंय. आत ट्रान्सफॉर्मर, एक कपॅसिटर आणि एक डायोड मिळून व्होल्टेज दुप्पट करतात, आणि ती जोडी वेव्हच्या टोकावर चालते. आपल्या घरच्या २३० व्होल्टच्या साइन वेव्हचं टोक ३२५ व्होल्टपर्यंत जातंय, चौकोनी वेव्ह वर सपाट असते, तिचं टोक खालीच राहतंय आणि बॅटरी दमली की अजून खाली येतंय. म्हणजे होतंय काय, मायक्रोवेव्ह चालतो, ट्रान्सफॉर्मर गुरगुरतो, तापतो, पण आमटी गरम व्हायला दीडपट वेळ. लोक म्हणतात 'चालतोय की दादा', होय, चालतोय, दोन मिनिटांचं काम तीन मिनिटं करतोय आणि तेवढा वेळ बॅटरी पितोय. आणि हे ओळखण्यासाठी म्हणून कुणी मायक्रोवेव्हचं झाकण उघडू नका. आतला कपॅसिटर हजारो व्होल्टचा आहे, प्लग काढल्यावरही त्यात चार्ज राहू शकतो, ह्याचा झटका बसला तर माणूस शिव्या द्यायलाही उरत नाही.

मग किती वॉटचा? १२०० खाणाऱ्याला मी १५०० वर कधी सोडत नाही, २००० घ्यायला लावतो. ट्रान्सफॉर्मर चालू होताना क्षणभर कितीतरी पट करंट खेचतो, शिवाय गाडीत उन्हाळ्यात आत चाळीस-पंचेचाळीस डिग्री झाली की इन्व्हर्टर स्वतःच आपली ताकद कमी करतोय, आणि फ्रिजचा कॉम्प्रेसर नेमका त्याच वेळी चालू होणार हे तर लिहून ठेवा. २००० सतत देणारा, म्हणजे 'कंटिन्युअस'चा आकडा २००० पाहिजे, 'पीक'चा नव्हे. बाजारात ऑनलाईन जे ४०००, ५००० वॉट लिहिलेले हलके डबे मिळतात त्यांचा पीकचा आकडा मोठ्या अक्षरात असतो आणि खरा आकडा कुठंतरी कोपऱ्यात.

तसला डबा ओळखायची माझी पद्धत सांगतो. पाठीमागं किंवा आत जे बॅटरीच्या बाजूचे फ्यूज असतात ते मोजा. समजा ३० अँपिअरचे ६ आहेत, १८० अँपिअर झाले, गुणिले १२ म्हणजे २१६० वॉट, ह्याच्यावर तो फार वेळ राहू शकत नाही, फ्यूज उडणार. मग वर ५००० लिहिलेलं असो नाहीतर ५०,०००. वजन पण हातात घेऊन बघा. आत मोठा ट्रान्सफॉर्मर असलेले जड येतात, पंधरा-वीस किलो, पण मायक्रोवेव्हचा झटका गप सोसतात. हाय फ्रिक्वेन्सीवाले पाच-सहा किलोचे, चांगल्या कंपनीचे तेही चालतात, मी बसवलेत. पण 'खरे ३००० वॉट' म्हणून कुणी दीड-दोन किलोचा डबा दाखवायला लागला तर नमस्कार करून दुकानाबाहेर या.

इथपर्यंत तुम्ही सगळीकडं वाचलं असेल. खरी गंमत आता सुरू होते.

१२०० वॉट बाहेर द्यायचे तर इन्व्हर्टर स्वतः थोडं खातो, ८८ टक्के त्याची कार्यक्षमता धरली तर बॅटरीतनं १३६० च्या आसपास वॉट निघायला लागतात. भागिले १२, म्हणजे ११३-११४ अँपिअर. आपण ११५ म्हणू. घरात हाच मायक्रोवेव्ह २३० व्होल्टवर पाच-सव्वापाच अँपिअर ओढतोय म्हणून भिंतीतली अडीच स्क्वेअर एमएमची वायर त्याला पुरते, गाडीत त्याच कामाला वीसपट करंट वाहतोय. लोकांच्या डोक्यात वॉट असतात, वायरीला वॉट कळत नाहीत, तिला अँपिअर कळतात.

हिशोब करून दाखवतो. बॅटरी आणि इन्व्हर्टरमध्ये २ मीटर अंतर, जायची २ आणि यायची २ अशी ४ मीटर वायर. १० स्क्वेअर एमएमची तांब्याची लावली तर तिचा रेझिस्टन्स ७ मिलिओहम. ऐकायला काहीच नाही. ११५ अँपिअर तिच्यातनं गेले की ०.८ व्होल्ट वायरीतच संपले आणि ९० वॉटच्या वर उष्णता नुसती वायर तापवण्यात गेली. जुना शंभरचा बल्ब आठवतोय का, तो बेडखाली, प्लायवूडला चिकटून जळतोय असं समजा. तीच वायर ५० स्क्वेअर एमएमची केली की ०.१६ व्होल्ट आणि १८-१९ वॉट, आणि ते पण एवढ्या जाड वायरीवर पसरलेले, हाताला कळतही नाही. तुमच्या घरच्या इन्व्हर्टरची जी लाल-काळी जोडी आहे ती ११५ अँपिअरसाठी बनलेलीच नाही, तिला तिथंच नमस्कार. अंतर एक मीटरच्या आत बसवता आलं तर ३५ चालेल, नाहीतर ५०. आणि बॅटरी पुढं ड्रायव्हरखाली, इन्व्हर्टर मागं ओट्याखाली असली मांडणी करू नका, लांब जायचंच असेल तर २३० ची वायर लांब न्या, १२ ची नको.

वायर घेताना ब्लेडनं एक तार खरवडून बघा. वरनं तांबडी, आतनं पांढरी निघाली तर ते अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेलं आहे, दुकानदार 'कॉपरच की' म्हणत असला तरी. वेल्डिंग केबल चांगल्या कंपनीची तांब्याची असली तर मऊ असते, गाडीत वळवायला बरी.

आता माझी स्वतःची चूक सांगतो, कारण ह्या चुकीनं मला जेवढं शिकवलं तेवढं कुठल्या पुस्तकानं नाही. त्या पहिल्या फिरत्या कँटीनचं काम. वायर जाड घातली, इन्व्हर्टर चांगला, लग पण भारी. बॅटरीच्या टर्मिनलवरचा नट पान्यानं आवळला पण स्प्रिंग वॉशर टाकायचा राहिला, संध्याकाळ झालेली, माणूस घाई करायला लागलेला. गाडी खानापूर-जांबोटी भागात फिरायची, पावसाळ्यानंतर तिथले खड्डे काय सांगायचे. पंधरा दिवसांत परत आली, 'वास येतोय' म्हणून. बॅटरीवरची प्लास्टिकची टोपी मेणबत्तीसारखी वितळून खाली ओघळलेली, लग काळा, आणि नट मी दोन बोटांनी फिरवला तर फिरला! नुसत्या दोन बोटांनी. ढिला नट म्हणजे समजा ५ मिलिओहम. ११५ चा वर्ग करा, त्याला ५ मिलिओहमनं गुणा, ६६ वॉट येतात. आपलं साधं सोल्डरिंग आयर्न २५ वॉटचं असतंय. रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत अडीच सोल्डरिंग आयर्न, ते पण बॅटरीच्या डोक्यावर. आग लागली नाही ही त्याच्या घरच्यांची पुण्याई. त्या दिवसापासनं स्प्रिंग वॉशर, नट आवळल्यावर त्याच्यावर मार्करची रेघ, आणि पहिल्या पाचशे किलोमीटरनंतर गाडी परत बोलवून रेघ सरकली का बघायचं, हे मी फुकटात करतो.

लगचं पण तेच. हातोडीनं ठोकून किंवा पकडीनं दाबून लग बसवलेला मी रोज बघतो. हायड्रॉलिक क्रिंपिंग मशीन ज्याच्याकडे आहे त्याच्याकडनंच दाबून घ्या, उद्यमबागेत, कोल्हापुरात पॅनेल बनवणाऱ्यांकडे असतंय, चार लगला ते काही फार घेत नाहीत. नुसतं सोल्डर भरून ठेवू नका, लग तापला की सोल्डर मऊ होतंय आणि वायर निसटतेय.

फ्यूज बॅटरीच्या पॉझिटिव्हपासनं एका विताच्या आत पाहिजे. इन्व्हर्टरजवळ लावलेला फ्यूज इन्व्हर्टर वाचवतो, गाडी नाही, कारण मधली वायर कुठं बॉडीला घासून शॉर्ट झाली तर फ्यूज आगीच्या पलीकडच्या बाजूला असतोय. ५० च्या केबलला २०० अँपिअरचा पट्टीवाला बोल्टचा फ्यूज लावा, बॅटरी लिथियमची असेल तर 'क्लास टी'चा, कारण लिथियम शॉर्ट झाली की क्षणात हजारो अँपिअर ओकते आणि साधा फ्यूज तुटला तरी आत ठिणगी चालूच राहू शकते. आणि ह्या जागी घरातल्या एसी करंटची एमसीबी, म्हणजे तो आपोआप पडणारा स्विच, कुणी लावू नका. एसीत करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतोय म्हणून ठिणगी विझते, डीसीत, म्हणजे बॅटरीच्या करंटात, तो शून्यावर येतच नाही, एमसीबी पडते पण आतल्या आत जळत राहते.

बॅटरी. तुमची १५० एएच ट्यूब्युलर घरात चार तास पंखे चालवते म्हणून तुम्हाला वाटतंय दमदार आहे. तिच्यावरचा १५० हा आकडा २० तासांत हळूहळू काढण्याचा, म्हणजे साडेसात अँपिअरनं. तुम्ही तिच्याकडनं ११५ मागणार. पाण्याची टाकी मोठी आहे पण नळ अर्ध्या इंची, असं समजा. एवढ्या वेगानं काढलं की ती जेमतेम निम्मी देते, आणि त्याआधीच व्होल्टेज खाली बसून इन्व्हर्टर 'लो बॅटरी' म्हणून ओरडतो, बहुतेक इन्व्हर्टर साडेदहा व्होल्टच्या आसपास बंदच होतात. बॅटरी भरलेली, तरी इन्व्हर्टर म्हणतोय रिकामी, आणि मग माणूस माझ्याकडे इन्व्हर्टर घेऊन येतो दुरुस्तीला. शिवाय ती ५५-६० किलोची, आत ॲसिड, चार्ज होताना हायड्रोजन सोडणारी. घराच्या व्हरांड्यात ठीक आहे, बंद गाडीत, जिच्यावर आई झोपणार त्या बेडखाली, मी तरी ठेवणार नाही.

गंमत म्हणजे मायक्रोवेव्ह एकूण वीज फार खात नाही. पाच मिनिटं चालवला तर ११५ अँपिअरनं साडेनऊ-दहा एएच झाले, बस्स. दिवसात अर्धा तास चालला तरी ६० च्या आत. म्हणजे बॅटरी मोठी लागत नाही, जोरात देणारी लागते. लिथियम आयर्न फॉस्फेट ह्या कामाला म्हणूनच बरी, ती भार पडला तरी व्होल्टेज धरून ठेवते आणि १०० एएचची दहा-बारा किलोत येते. पण तिथं पण एक खड्डा आहे. १०० एएचच्या लिथियममध्ये बहुतेक १०० अँपिअरचा बीएमएस असतो, म्हणजे आतला राखणदार. तुम्ही ११० मागितले की तो दार लावू शकतोय, गाडीतला सगळा १२ व्होल्टचा करंट गुल, पंखे, लाईट, सगळं, आणि माणसाला वाटतंय बॅटरी मेली. तेव्हा एक १०० ची घेऊ नका. १२.८ व्होल्टची २०० एएच आणि बीएमएस २०० अँपिअरचा, दुकानदाराकडनं बीएमएसचा आकडा बिलावर लिहून घ्या, किंवा १०० च्या दोन सारख्या, एकाच वेळी घेतलेल्या, पॅरलल.

गाडीच्या स्वतःच्या सेल्फच्या बॅटरीवर तर मायक्रोवेव्ह नकोच. ती एक झटका देऊन लगेच भरून घेणारी जात आहे, तिला खोल काढलं की वर्षाचं आयुष्य महिन्यात संपतंय, आणि तवंदी घाटाच्या पायथ्याशी रात्री गरम आमटी पिऊन गाडीला धक्का मारत बसायची पाळी येते. आणि जे लायटरच्या सॉकेटमध्ये खुपसायचे इन्व्हर्टर मिळतात ते मोबाईल-लॅपटॉपसाठी, त्या सॉकेटच्या पाठीमागं १०-१५ अँपिअरचा फ्यूज असतोय, त्यावर मायक्रोवेव्हची लाईट तेवढी लागेल.

भरायचं कसं? लिथियम सरळ अल्टरनेटरला जोडू नका, ती मिळेल तेवढा करंट ओढते आणि गाडी उभ्यानं चालू असताना अल्टरनेटरचा पंखाही हळू फिरत असतो, तो तापून जातो. मध्ये ३० अँपिअरचा डीसी टू डीसी चार्जर टाका. पाच मिनिटांच्या मायक्रोवेव्हचं गेलेलं तो वीस मिनिटांच्या ड्रायव्हिंगमध्ये भरून देतो, म्हणजे संकेश्वरला जेवण गरम केलं तर बेळगावात शिरायच्या आधी बॅटरी होती तिथं. सोलरवर लोकांचा फार जीव, छतावर पॅनेल लावा, चांगलंच आहे, पण जून ते सप्टेंबर कणकुंबीकडनं, चोर्ल्यातनं जाणार असाल तर त्याच्या भरवशावर बसू नका, तिथं चार चार दिवस सूर्य दिसत नाही हे तुम्हाला मी काय सांगायचं.

२३० च्या बाजूचं थोडक्यात. इन्व्हर्टरमधनं १६ अँपिअरचं सॉकेट, मध्ये एमसीबी आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळायला लागला की लाईन तोडणारा स्विच. आरसीसीबी काम करायचा असेल तर इन्व्हर्टरचं न्यूट्रल बॉडीच्या अर्थला जोडलेलं लागतंय, पण ही जोडणी प्रत्येक इन्व्हर्टरला चालत नाही, स्वस्तातल्यांत दोन्ही वायरींवर व्होल्टेज असतंय आणि न्यूट्रल समजून एक बॉडीला टेकवली की धूर. मॅन्युअल बघा, त्यात परवानगी असली तरच. मुक्कामाला लॉजवर, धर्मशाळेत बाहेरनं करंट घेणार असाल तर चेंजओव्हर स्विच पाहिजेच, बाहेरची लाईन आणि इन्व्हर्टर चुकूनही एकत्र येता कामा नयेत. आणि गाडीच्या आत एवढा बदल केलाय तर आरसीवर चढवून घ्या, इन्शुरन्सवाला नंतर वायर नाही बघत, कागद बघतो.

इन्व्हर्टर रात्री बंद करायचा. २००० वॉटचा काही न चालवता पण एक-दोन अँपिअर खातोय, रात्रभरात दहा ते वीस एएच, आणि कशासाठी तर मायक्रोवेव्हचं घड्याळ दाखवायला. बेडजवळ रिमोट स्विच ओढून घ्या. बसवताना उभा, भिंतीला, आजूबाजूला चार बोटं मोकळी, आणि ओट्याच्या ज्या कप्प्यात घरच्या बायका पिशव्या कोंबणार आहेत त्या कप्प्यात नको. आपल्याकडची तांबडी धूळ पंख्यातनं आत जाऊन पावसाळ्यात ओल धरते, दसऱ्याला गाडीची पूजा करताना इन्व्हर्टरला पण ब्लोअर मारा.

तुमच्याजागी मी असतो तर मायक्रोवेव्ह ठेवला असता का? खरं सांगू, नुसती आमटी-भात गरम करायला असेल तर नाही, पण आई गाडीत एकटी असताना शेगडी पेटवू नये हे तुमचं म्हणणं मला पटलं, म्हणून एवढं लिहिलं. तर २००० वॉट प्युअर साइन, २०० एएच लिथियम, ५० ची केबल, २०० चा फ्यूज, ३० चा चार्जर. जुना ९०० व्हीए आणि ट्यूब्युलर घरी परत लावा, करंट जातोच.

सगळं बसवल्यावर एक चाचणी करा. काचेच्या भांड्यात एक लिटर साधं पाणी, थर्मामीटरनं तापमान बघा, फुल पॉवरवर बरोब्बर दोन मिनिटं, काढून ढवळून परत बघा. जेवढे डिग्री वाढले त्याला ३५ नं गुणा, तेवढे वॉट पाण्याला मिळाले. आधी घरी भिंतीच्या सॉकेटवर करा आणि मग गाडीत. घरी २२ डिग्री वाढले आणि गाडीत २०-२१ तर काम झकास. गाडीत १३-१४ वरच अडकलं तर वेव्ह खोटी आहे नाहीतर व्होल्टेज वाटेत गळतंय. रिकामा मायक्रोवेव्ह मात्र चालवू नका. आणि ती दोन मिनिटं संपली की लगेच इन्व्हर्टर बंद करून एकेका लगवर हात ठेवून बघा, बॅटरीचे दोन, फ्यूजचे दोन, इन्व्हर्टरचे दोन. कोमट असले तर चालतंय. एखाद्यानं चटका दिला तर तो नट उघडा, घासा, वॉशर बघा, परत आवळा, आणि मायक्रोवेव्हच्या मागच्या प्लेटचा फोटो काढून मला पाठवा.